बेस गिटार घेताय? आधी गायकाची पट्टी विचारा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय निघाला तो माझ्या मावसभावामुळे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरातच होस्टेलला राहतो. कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवणारे चार आणि बेस वाजवणारा कोणीच नाही, म्हणून ती जागा याच्या गळ्यात पडली. पंचवीस हजार जमवलेत, त्यात गिटार, छोटा अ‍ॅम्प, केबल, बॅग सगळं बसवायचं आहे. मला फोन करून म्हणतो, "दादा, प्रिसिजन घेऊ का जॅझ घेऊ का पाच तारांची? यूट्यूबवर बघून बघून डोकं फिरून राहिलं."

त्याचं डोकं फिरणं मला कळतं, कारण माझं फिरलं होतं तेव्हा मी चौदा कॉलमची एक्सेल शीट बनवली होती. लाकूड कुठलं, ट्यूनर कुठले, किती फ्रेट, रंग कोणता, सगळं. आणि एवढं करून चुकीची गिटार घेतली. कारण त्या चौदा कॉलममध्ये 'ही वाजणार कुठे आणि कोणासोबत?' हा कॉलमच नव्हता.

आधी ज्यांना बेस म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. माझ्या आजीने पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं, "दोन तारा तुटल्या का रे?" तुटल्या नाहीत, चारच असतात. साध्या गिटारच्या जाड चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. सगळ्यात खालची तार ई, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी 3, सेकंदाला साधारण 41 कंपनं. पाच तारांच्या बेसला तिच्याही खाली एक बी तार असते, पांढरी 7, साधारण 31 कंपनं.

1951 साली अमेरिकेत लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे उभा, माणसाएवढा डबल बेस. त्याला फ्रेट नसतात, सूर बोटाने अंदाजाने धरायचा. याला फ्रेट दिले, सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. 1960 मध्ये त्याच कंपनीचा जॅझ बेस आला. आज दुकानात लटकलेल्या बेसपैकी बहुतेक या दोघांची मुलं-नातवंडं आहेत, नाव कुठल्याही कंपनीचं असो.

या दोघांत फरक कशाचा? मुख्य म्हणजे पिकअपचा. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. वरची लोखंडी तार हलली की गुंडाळीत वीज तयार होते, तोच आवाज. आता कपडे वाळवायची दोरी डोळ्यांपुढे आणा. मधे धरून सोडली तर केवढी झुलते, आणि खिळ्याजवळ नुसती थरथरते. गिटारच्या तारेचं तेच. ब्रिजजवळ, म्हणजे जिथे तार बांधलेली असते तिथे, पिकअप लावला तर आवाज करकरीत, टोकदार येतो. नेककडे सरकवला तर जाड, गोल येतो. 'टोन' 'टोन' म्हणून दुकानदार जे सांगतात त्यातला मोठा भाग या जागेचा आहे. लाकडाचा त्यामानाने फार कमी, असं माझं मत आहे. यावर माझे दोन मित्र माझ्याशी बोलणं बंद करू शकतात.

प्रिसिजनला पिकअप एकच, तोही 1957 पासून दोन तुकड्यांत कापलेला, मधल्या भागात. आवाज एकच पण भरीव. नॉब दोनच, एक व्हॉल्यूम, एक टोन. जॅझला दोन पिकअप, एक मधे आणि एक ब्रिजजवळ, प्रत्येकाचा व्हॉल्यूम वेगळा. ब्रिजजवळचा एकटा लावला तर तो नाकातला, गुरगुरणारा आवाज येतो ज्यासाठी जाको पास्टोरियस ओळखला जातो. दोन्ही पूर्ण उघडले तर मधला भाग जरा पोकळ होतो, स्लॅपला, म्हणजे अंगठ्याने ठोकून वाजवायला, छान वाटतो. नेकही वेगळी. नटपाशी जॅझची रुंदी साधारण 38 मिलिमीटर, प्रिसिजनची 41-42. चार मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं वाटेल. लहान हाताच्या माणसाने तीन तास वाजवून बघावं.

तिसरं घराणं म्हणजे 1976 चा म्युझिक मॅन स्टिंगरे. हाही लिओ फेंडरचाच, पण आधीची कंपनी विकून टाकल्यावरचा. मोठा पिकअप ब्रिजकडे, आणि आत बॅटरीवर चालणारं सर्किट. त्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात. गिटारवरच बेस-ट्रेबल वाढवता येतात, आवाज ताजा, आक्रमक. चौथं, शॉर्ट स्केल. नेहमीच्या बेसची तार नटपासून ब्रिजपर्यंत 34 इंच, याची 30 च्या आसपास. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर या जातीचा. तार सैल लागते, बोटांना सोपी, आवाज मऊ. आपल्याकडे 'लहान मुलांची' म्हणून हिला नाकं मुरडतात, ते चूक आहे. पण नागपुरात मी फिरलो तेव्हा एकाही दुकानात हातात घेऊन पाहायला मिळाली नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आता माझी चूक. मी पाच तारांची, अ‍ॅक्टिव्ह घेतली. कारण सोपं: पाच चारपेक्षा जास्त, अ‍ॅक्टिव्ह पॅसिव्हपेक्षा जास्त. इंजिनिअरचं डोकं असंच चालतं, जास्त स्पेसिफिकेशन म्हणजे जास्त चांगलं. आणि मी वाजवत कुठे होतो? आपल्या शहरात बेसवाल्याला काम कुठे मिळतं ते बघा. रॉक शो वर्षातून दोन. बाकी सगळा वाद्यवृंद. मंगल कार्यालयातला जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, गणपतीत मंडळाचा स्टेज, कोणाच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची संध्याकाळ. बऱ्याच ठिकाणी बेस कीबोर्डवालाच डाव्या हाताने उरकतो. आपण गेलो की त्याचा डावा हात मोकळा होतो, एवढंच आपलं स्थान.

असाच एक कार्यक्रम. आदल्या रात्री घरी सराव केला आणि केबल गिटारला लावलेलीच ठेवून झोपलो. अ‍ॅक्टिव्ह गिटारचा एक नियम मला माहीत नव्हता: केबल खोचली की आतलं सर्किट चालू होतं, मग वाजवा किंवा नका वाजवू. रात्रभर 9 व्होल्टची बॅटरी जळत राहिली. दुसऱ्या गाण्यात आवाज आधी फाटला, मग बारीक होत होत गेला. काही गिटारना बॅटरीशिवाय वाजवायचं बटण असतं, माझ्या गिटारला नव्हतं. ऑक्टोपॅडवाला माझ्याकडे बघून, "काऊन बे, काय होऊन राहिलं?" मी केबल हलवतोय, साउंडवाला मला हात दाखवतोय. कीबोर्डवाल्याने न बोलता डावा हात खाली आणला आणि गाणं पुढे गेलं. प्रेक्षकांतल्या कोणाला काहीही कळलं नाही. ते सगळ्यात जास्त लागलं.

पुढच्या कार्यक्रमापासून बॅटरीची जोडी खिशात ठेवली, ते सोडा. पण त्या निमित्ताने मी कार्यक्रमांची रेकॉर्डिंग लक्ष देऊन ऐकायला लागलो, आणि दिसलं की बॅटरी असतानाही माझा बेस ऐकूच येत नव्हता. ज्या खालच्या बी तारेसाठी पैसे जास्त दिले तिचा सूर कुठेच नव्हता.

याचं कारण आहे. मंगल कार्यालयात भाड्याने येणाऱ्या सिस्टीममध्ये दोन बाजूंना दोन बॉक्स, बारा किंवा पंधरा इंची. सबवूफर सगळेच आणतात असं नाही. असे बॉक्स साधारण पन्नास-साठ कंपनांच्या खाली झपाट्याने गळपटतात. तुमची ई तार 41 वर, बी तार 31 वर. म्हणजे मूळ सूर स्पीकरमधून जवळपास येतच नाही. मग बेस ऐकू कसा येतो? कारण तार एका सुरात हलत नाही. 41 सोबत 82, 123 असे पटीतले सूरही निघतात, आणि ते ऐकून आपला मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवरही बेसची चाल कळते ती यामुळेच. तात्पर्य हे की अशा हॉलमध्ये बेस जगतो तो मधल्या पट्ट्यातल्या सुरांवर. प्रिसिजनचा पिकअप नेमका तोच भाग भरून देतो. मी मात्र अ‍ॅक्टिव्ह गिटारवर बेसचा नॉब पूर्ण वर आणि मिडचा खाली करून बसायचो, कारण घरी हेडफोनवर ते भारी वाटायचं. आवाज मी स्वतःच पुसत होतो.

हे कळल्यावर एका मित्राची जुनी चार तारांची प्रिसिजन छापाची गिटार महिनाभर वापरली. पहिल्याच कार्यक्रमात गायिका मागे वळून म्हणाल्या, "आज खाली कुणीतरी आहे असं वाटतंय." त्या म्हणाल्या ते इतकं बरं वाटलं की मी पाच तारांची तोट्यात विकली.

पण थांबा, पाच तारांना मी इतक्यात निकालात काढत नाही. उलट तिची खरी किंमत मला ती विकल्यावर कळली.

इंग्रजी रॉक गाणी गिटारवर रचली जातात, म्हणून ती खूपदा ई किंवा ए मध्ये असतात, मोकळ्या तारा वापरता येतील अशी. आपल्याकडे गाणं गायकाच्या गळ्यावर ठरतं. गायक म्हणणार "काळी 1", गायिका म्हणणार "काळी 4", आणि आपण त्यात बसायचं. काळी 1 म्हणजे सी शार्प. चार तारांवर हा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. त्याच्या खालचा पंचम ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, मध्यम दुसऱ्या फ्रेटवर. काम भागतं. पण त्याच्या खालचा, मंद्रातला षड्ज हवा असेल तर तो चार तारांवर नाहीच. पाच तारांवर तो बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आयत्या वेळचा बदल. एकदा गायक स्टेजच्या मागे म्हणाले, "घसा बसलाय रे, अर्धा सूर खाली घे." गाणं पांढरी 3 मध्ये बसवलं होतं, म्हणजे माझी मोकळी ई तार. अर्धा सूर खाली म्हणजे काळी 2, आणि चार तारांच्या बेसवर ई च्या खाली जमीनच नाही! कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा झाला. पाच तारांवर बसवलं असतं तर सगळी चाल जशीच्या तशी एक फ्रेट खाली सरकवली असती, बोटांना कळलंही नसतं. मी काय केलं, तर निवेदकांचा किस्सा संपेपर्यंत ई तारेची खुंटी पिळून ती अर्ध्या सुराने उतरवली. गाणं निभावलं. मग ती परत चढवायची राहिली, आणि पुढच्या गाण्यात ई तारेवरचा माझा प्रत्येक सूर अर्ध्याने खाली. तेव्हा मात्र प्रेक्षकांना कळलं.

म्हणून वाद्यवृंदात रोज वेगवेगळ्या गायकांसोबत बसणाऱ्याने पाच तारांचा विचार जरूर करावा. खालच्या गडगडाटासाठी नाही, हात एका जागी ठेवून कुठल्याही पट्टीत जाता यावं म्हणून. फक्त स्वस्तातली पाच तारांची घेताना बी तार नीट तपासा. 34 इंचांवर ती कधीकधी ढिली लागते, सूर कमी आणि फडफड जास्त. शिवाय ब्रिजपाशी तारांमधलं अंतर चार तारांच्या बेसवर बहुधा 19 मिलिमीटर असतं, पाच तारांवर अनेकदा त्याहून कमी. उजव्या हाताची सवय बदलावी लागते. पंचवीस हजारात सगळं बसवायचं असेल तर मी चारच तारा सुचवेन, त्याच पैशात त्या बऱ्या मिळतात.

जॅझ का नको, असं भावाने विचारलंच. मी त्याला स्टेजवरची वीज आठवून दिली. जॅझचे पिकअप सिंगल कॉइल असतात, म्हणजे एकेरी गुंडाळी. ती तारेसोबत आजूबाजूच्या विजेची घरघरही उचलते. मंडळाच्या स्टेजवर अर्थिंगची काय अवस्था असते, त्यात डिमरवरचे लाइट, ते तुम्हाला माहीत आहे. प्रिसिजनचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असल्याने ही घरघर आपोआप कटते. जॅझवर ती कटते, पण दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे उघडे असतील तरच. एक कमी केला की घूं सुरू.

मग दोन्हीचं मिश्रण असलेली पीजे घ्यावी का? मधे प्रिसिजनचा पिकअप, ब्रिजजवळ जॅझचा. स्वस्त बेसमध्ये हा प्रकार भरपूर मिळतो. वाईट नाही. पण मी ज्या वाजवल्या त्यांत दोन पिकअपच्या आवाजाची पातळी जुळत नव्हती, आणि शेवटी सगळे मधल्यावरच वाजवतात. फ्रेटलेसबद्दलही एक-दोघांनी विचारलंय, आपल्याकडची मींड त्यावर सुरेख निघते म्हणून. निघते, खरंच. पण सूर बोटाने नेमका धरायला लागतो आणि स्टेजवर स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. दुसरी गिटार म्हणून घ्या.

दुकानात कोणी सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे तारा. नव्या गिटारवर राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत गुंडाळीच्या तारा येतात, आवाज चमकदार. फ्लॅटवाउंड म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत, आवाज बुटका आणि गोल. मोटाउनच्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमरसन प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड लावायचा आणि तारा बदलायच्या भानगडीत पडायचा नाही. आर. डी. बर्मन यांच्या रेकॉर्डिंगना टोनी वाझ बेस वाजवायचे. ती गाणी नुसती बेससाठी म्हणून एकदा ऐका, सूर येतो, काम करतो, आणि पुढच्याला जागा देऊन निघून जातो. जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्याला हा आखूड आवाज हवा असतो. फ्लॅटवाउंड महाग असतात. तोवर भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, नवा बरं का, ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. तीच जात, दहा रुपयांत. गंमत नाही, फेंडरच्या जुन्या बेसवर कारखान्यातूनच असा फोम लावून यायचा.

आणि नागपूरकरांसाठी खास: आपल्या हवेत नेक हलते. मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाजूने बोटाला टोचायला लागतात. जुलैत तेच लाकूड ओल पितं, नेक वाकते आणि तारा वर उचलल्या जातात. नेकमध्ये ट्रस रॉड नावाची सळई असते, ती एलन कीने पाव फेरा फिरवून हे सुधारता येतं. घेण्याआधी ती फिरते का, एवढं दुकानदाराला दाखवायला लावा. आणि गिटार कूलरसमोर टांगू नका. बाहेर कोरडं, आत कूलरची ओली हवा थेट तारांवर, महिन्यात गंज. हे मी केलंय.

गेल्या रविवारी भावाला घेऊन सीताबर्डीला गेलो. पट्टा लावून उभं राहून वाजव, बसून नको, असं बजावलं होतं. चार किलोचं वजन तीन तास खांद्यावर राहणार आहे. प्रिसिजन छापाची त्याच्या हातात दिली. त्याने वाजवली, ठीक. मग जॅझ छापाची घेतली आणि त्या बारीक नेकवर त्याची बोटं अशी काही पळायला लागली की मी गप्प बसलो. त्याचा बँड मंगल कार्यालयात वाजवणार नाही. त्यांना स्लॅप हवंय, कॉलेजच्या फेस्टला सबवूफर असतात, गायकही एकच आहे आणि त्याची पट्टी ठरलेली आहे. माझा सगळा हिशेब माझ्या स्टेजचा होता. मी आधी त्याच्या गायकाची पट्टी विचारली, मग दुकानदाराशी भाव केला. जॅझ घेतली.

रात्री साडेअकराला होस्टेलवरून फोन. "दादा, घूं आवाज येऊन राहिला. फसवलं का आपल्याला त्याने?"

"दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघड."

थोडा वेळ शांतता.

"गेला."